चढायला छोटा ब्रिज, बसायला लांब

प्रश्न : पक्षीनिरीक्षणासाठी मी झाडावर सॅडलमध्ये (कंबरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या बैठकीत) तासन्‌तास बसतो. बसताना माझा लांब ब्रिज, म्हणजे सॅडलच्या दोन बाजूंच्या कड्यांना जोडणारा दोर, छान वाटतो, पण दोरावरून चढताना चढायचं उपकरण डोक्याच्याही वर जातं आणि दर खेपेला मी वीतभरच सरकतो. म्हणून दोन्ही टोकांना कॅराबिनर (उघडबंद होणारी धातूची कडी) लावून काढता-घालता येणारा ४० सेंटिमीटरचा छोटा ब्रिज करायचा विचार आहे. ठीक राहील का?

उत्तर : कल्पना चांगली आहे, ४० मात्र नको. मीसुद्धा पहिला ब्रिज तेवढाच केला होता. पंधरा-वीस मिनिटांत कंबरेची हाडं दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन मांड्या बधिर झाल्या. हिशोब नंतर मांडला, तो आधीच मांडायला हवा होता. दोन कड्यांमधलं अंतर ३५ सेंटिमीटर आणि वजन ७० किलो धरा. ब्रिज ७५ सेंटिमीटरचा असेल तर कंबर आत दाबणारा जोर साधारण १८ किलोचा येतो, ५० चा असेल तर ३४, आणि ४० चा असेल तर थेट ६३. शिवाय ४० वर दोराच्या प्रत्येक बाजूला तुमच्या पूर्ण वजनाहून जास्त ताण येतो, कारण मधला कोन १२० अंशांच्या पुढे जातो. म्हणून तुम्ही ५० पासून सुरुवात करा. उपकरण छातीसमोर येईल तेवढं पुरे.

दोन्ही टोकांना कॅराबिनर हवेतच कशाला? माझ्या ब्रिजचं डावं टोक कड्यात कायमचं बांधलेलं आहे, सुटतं ते फक्त उजवं. तपासायची एक जागा कमी झाली. उजव्या टोकाला स्वतःहून लॉक होणारा कॅराबिनर आहे. त्याच्यावर स्कॅफोल्ड गाठ (ताण आला की आवळत जाणारा फास) घट्ट आवळा, म्हणजे तो फिरून आडवा होणार नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : लांबीच्या दिशेला २० किलोन्यूटन पेलणारा कॅराबिनर आडवा पडला की ७ वर येऊ शकतो, आणि कंबरेवर तो सहज आडवा होतो.

दोर कमी ताणणारा, गाभा आणि आवरण असलेला घ्या, ९ ते ११ मिलिमीटर जाडीचा. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा गुळगुळीत दोर हलका म्हणून मोह होतो, पण त्यात साधी गाठ सरकते. तो गुंफूनच वापरायचा. गाठीच्या पुढे दोराच्या जाडीच्या किमान दहापट शेपूट ठेवा. लाइनमन बेल्टच्या (खोडाभोवती घालायच्या पट्ट्याच्या) किंवा सामान टांगायच्या कड्यांत ब्रिज अडकवू नका, सॅडल बनवणाऱ्याने ज्या कड्या ब्रिजसाठी दिल्या आहेत त्याच वापरा.

आता अदलाबदल. लांब ब्रिज कधीच काढायचा नाही. चढताना तो सैल लोंबू दे. वर पोचलात की आधी लाइनमन बेल्ट खोडाभोवती आवळा, मग टेदर (तुम्हाला झाडाशी बांधून ठेवणारा दोर) लांब ब्रिजला जोडा, त्यावर पूर्ण वजन टाका, कॅराबिनरचं लॉक हाताने चाचपा. त्यानंतरच छोटा ब्रिज सोडा. उतरताना हाच क्रम उलटा. टेदरमध्ये ढील राहू देऊ नका. सॅडल बसण्यासाठी असतं, पडताना झेलण्यासाठी नव्हे.

पहिल्यांदा पाय जमिनीपासून वीतभर वर राहतील इतक्याच उंचीवर अर्धा तास बसून पाहा. तेवढ्यात मांड्यांना मुंग्या आल्या तर ब्रिज ५ सेंटिमीटरने वाढवा.