मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम सोल्डरिंगच्या आधी टाकावा की नंतर?

तुमचे शंभरेक बोर्ड आहेत, चिप एटीमेगा३२८पी, तीही टीक्यूएफपी (चारही बाजूंना बारीक पाय असलेल्या चपट्या) पॅकेजमधली. मी तर आधी चिप लावून घेईन आणि प्रोग्रॅम नंतर टाकेन.

आपल्याकडे कॉलेजात ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर हात बसलेल्यांच्या डोक्यात ‘आधी बर्न (म्हणजे प्रोग्रॅम टाकणं), मग बोर्ड’ हाच क्रम पक्का असतो. त्याच घराण्यातल्या एटी८९सी५१ च्या काळात तो बरोबरच होता, कारण ती चिप प्रोग्रॅमरच्या सॉकेटमध्येच बसवावी लागे. टीक्यूएफपीचं तसं नाही. ०.८ मिलिमीटर अंतरावरचे ३२ नाजूक पाय सॉकेटमध्ये घालता-काढताना एखादा जरी किंचित वर उचलला गेला, तरी तो बोर्डवरच्या सोल्डर पेस्टला टेकत नाही. मग असा सांधा शोधण्यात अख्खी दुपार जाते. शिवाय निम्म्या चिपा भरून झाल्यावर कोडमध्ये चूक सापडली, की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

लावलेल्या चिपमध्ये प्रोग्रॅम टाकायला बोर्डवर सहाच पॅड ठेवा: मिसो आणि मोसी (डेटाच्या लाइन), एससीके (क्लॉक), रिसेट, व्हीसीसी (वीजपुरवठा), ग्राउंड. हेडर, म्हणजे पिनांचा कनेक्टर, लावायची गरज नाही. ॲक्रिलिकच्या तुकड्यात स्प्रिंगवाल्या पोगो पिना बसवून जिग (बोर्ड धरायचा साचा) करा आणि त्या प्रोग्रॅमरला जोडा. बोर्ड दाबून धरला की काम झालं.

एक गोष्ट मात्र लेआउट करतानाच बघा. प्रोग्रॅमिंग चालू असताना चिप रिसेटमध्ये असते आणि तिच्या बाकीच्या पिना तरंगत्या राहतात, म्हणजे चिप त्यांना हाय किंवा लो धरत नाही. त्याच एसपीआय लाइनवर (मिसो, मोसी, एससीके) मेमरी किंवा डिस्प्ले असेल तर त्याच्या चिप सिलेक्टला (तो भाग निवडणाऱ्या पिनेला) १० किलोओमचा पुल-अप, म्हणजे व्हीसीसीकडे जाणारा रेझिस्टर, द्याच, नाहीतर तोही मध्येच बोलायला लागतो. एससीके किंवा मोसीवर रिले तर मुळीच नको, प्रोग्रॅमिंगभर तो खडखडत राहील.

कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणून प्रोग्रॅमरचा क्लॉक २५० किलोहर्ट्झच्या खाली ठेवा. इथेच कितीतरी जण चांगली चिप मेली समजून उपटून काढतात, फार वाईट वाटतं! बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज (चिपमधली क्लॉक निवडणारी सेटिंग) लावल्यावर क्रिस्टलशिवाय चिप उत्तरच देत नाही. बोर्डवर तो आधीच असतो, हाही फायदा.

हजारोंच्या ऑर्डरला वितरक चिपा प्रोग्रॅम करूनच रीलवर देतात, तिथे हिशोब वेगळा. तरीही पॅड काढू नका, दुरुस्तीला आलेल्या बोर्डात नवं फर्मवेअर त्यांच्यावरूनच जाईल.