गेमची कॅसेट, कार्ट्रिज आणि काडतूस

नाशिकरोडच्या एका ताईंचं पत्र आलंय. साफसफाई करताना त्यांच्या माळ्यावरून जुना टीव्ही गेम निघाला. 'अगंबाई, कॅसेटी पण आहेत की सगळ्या!' असं त्या म्हणाल्या, तर कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं तिथल्या तिथे त्यांना सुधारलं: 'मावशी, कॅसेट नाही, कार्ट्रिज. कॅसेटमध्ये फीत असते.' ताईंचे प्रश्न तीन. बरोबर कोण? गेमच्या कन्सोलला मराठीत काय म्हणायचं? आणि कन्सोल 'तो' की 'ते'?

ताई, बरोबर तुम्हीच. भाच्याला निरोप द्या की कॅसेटमध्ये फीत असलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही. ही 'सुधारणा' मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकवत नाही. एमजी रोडवर दुरुस्तीच्या दुकानात कुणी जुनी गेमची कॅसेट काढून दाखवली की शेजारी उभा असलेला कुणीतरी 'कार्ट्रिज म्हणा' असं बजावतोच. त्यातले निम्मे पुढे स्वतः 'कार्टेज' म्हणतात.

कॅसेट म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी पेटी, एवढंच. मूळ लॅटिन 'काप्सा', म्हणजे पेटी. रोमन लोक ग्रंथांच्या गुंडाळ्या ज्या गोल डब्यात ठेवत, ती काप्सा. औषधाची कॅप्सूल त्याच घरातली, आणि गल्ल्यातली 'कॅश'सुद्धा, कारण तो शब्द आधी पैशांच्या पेटीचा होता आणि मग आतल्या पैशांचा झाला. फीत नसलेली कॅसेट प्रत्यक्ष पाहायची असेल तर कुठल्याही जुन्या एक्स-रे विभागात जा. फिल्म ठेवायच्या त्या चपट्या पेटीला तंत्रज्ञ कॅसेटच म्हणत आले आहेत. त्यांना कुणी सुधारायला जात नाही.

भाच्यानं अजून एक ऐकावं. आपल्याकडे घरोघरी जे टीव्ही गेम आले, ते बहुतेक सगळे निन्टेन्डोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' ऊर्फ फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आलं. त्यात घालायच्या वस्तूला जपानी माणूस काय म्हणतो? 'कासेत्तो'. म्हणजे कॅसेट. फॅमिकॉमच्या दोन वर्षं आधी, १९८१ मध्ये, एपॉक कंपनीनं जपानमध्ये जे यंत्र काढलं त्याचं नावच 'कॅसेट व्हिजन' होतं, आणि त्यात फितीचा तुकडाही नव्हता. अमेरिकेत निन्टेन्डोनं तीच वस्तू 'गेम पॅक' या नावानं विकली. म्हणजे ज्यांनी वस्तू घडवली त्यांच्या देशात कॅसेट, ज्यांनी विकली त्यांच्या पुठ्ठ्यावर गेम पॅक, आणि भाच्याचं कार्ट्रिज या दोन्हींत नाही.

यावर 'आपल्याकडे गाण्याच्या कॅसेटी होत्या, म्हणून लोकांनी तोच शब्द चिकटवला' असं सांगितलं जातं. असेलही. पण माल ज्या वाटेनं येतो त्या वाटेनं शब्दही येतात, असं माझं मत आहे. या नकला पूर्वेकडून आल्या आणि त्यांच्या कॅसेटी फॅमिकॉमच्याच साठ टोकांच्या मापाच्या होत्या. अमेरिकी निन्टेन्डोची बहात्तर टोकांची कॅसेट त्यात बसायचीच नाही. त्यामुळे आपला शब्द जपानी शब्दाशी जुळतो हा निव्वळ योगायोग आहे असं कुणी म्हटलं, तर मी ते मान्य करणार नाही.

ताईंनी त्यातली एखादी कॅसेट उघडून पाहावी. आत हिरव्या पट्टीचा एक तुकडा निघेल, बहुतेकदा कवचाच्या निम्म्या उंचीचा. वरचं सगळं पोकळ. पट्टीच्या खालच्या कडेला एका बाजूनं तीस आणि दुसऱ्या बाजूनं तीस सोनेरी पट्ट्या. मध्ये चिप दिसेल अशी अपेक्षा असते, पण स्वस्तातल्या कॅसेटीत तिच्या जागी काळ्या एपॉक्सी गोंदाचा एक घट्ट थेंब असतो आणि चिप त्याखाली गाडलेली असते. लेबलवर लाखो गेम छापलेले असले तरी प्रत्यक्षात मोजकेच, तेच ते पुन्हा पुन्हा. आणि कॅसेट लागली नाही की आपण सगळे तिच्यात फुंकर मारायचो. त्या फुंकरीनं काही साधत नव्हतं. काढून पुन्हा बसवल्यामुळे पट्ट्यांना नव्यानं टेकायची संधी मिळायची, आणि तोंडातली वाफ मात्र त्या पट्ट्यांना गंज आणायची.

असो. आता खरी मजा कार्ट्रिजची. भाच्यानं ज्याला शुद्ध शब्द म्हणून पुढे केलं, तो मराठीत कधीचा आहे. काडतूस!

शाळेत आपण सगळ्यांनी १८५७ वाचलंय. 'चरबीची काडतुसं' हे शब्द त्या धड्यातून बाहेर पडल्यावरही डोक्यात राहतात. पण ती दातानं का तोडायची, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. कारण काडतूस कागदाचं होतं. कागदाच्या नळीत दारू आणि गोळी भरलेली, टोक पिळून बंद केलेलं. शिपायानं ते टोक दातानं फाडायचं, दारू बंदुकीच्या नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. काडतूस या शब्दाच्या पोटात धातू नाही, कागद आहे. ग्रीकमध्ये 'खार्तेस' म्हणजे पपायरसचं पान. लॅटिनमध्ये त्याचं 'चार्टा', इटालियनमध्ये 'कार्ता', आणि कार्तापासून 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची सुरळी, आपला शेंगदाणेवाला करून देतो तशी पुडी. इटलीतून शब्द फ्रान्समध्ये गेला आणि 'कार्तूश' झाला, इंग्लंडमध्ये गेला आणि त्याचं 'कार्ट्रिज' झालं. इजिप्तमधल्या राजांच्या नावांभोवती जी लांबट चौकट कोरलेली असते, तिलाही कार्तूशच म्हणतात. चार्ट, कार्ड, कार्टन, कार्टून ही सगळी याच कागदाची पिलावळ.

आणि यातला 'कार्ड' गेमच्या इतिहासात अगदी पहिल्याच पानावर येतो. घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला गेम 'ओडिसी', मॅग्नाव्हॉक्सनं १९७२ मध्ये अमेरिकेत काढला. तो घडवला राल्फ बेअर यांनी. मूळचे जर्मनीतले, नंतर अमेरिकेत गेलेले अभियंते. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. पडद्यावर काही ठिपके आणि एक रेघ एवढंच. रंगासाठी टीव्हीच्या काचेवर छापील प्लास्टिकचा पारदर्शक कागद चिकटवायचा. खेळ बदलायला 'गेम कार्ड' घालायचं, आणि त्या कार्डात खेळ साठवलेलाच नसायचा. फक्त तारांच्या जोडण्या असायच्या, त्या यंत्रातलेच जोड बदलायच्या. खेळ खऱ्या अर्थानं डबीत भरला गेला १९७६ मध्ये, फेअरचाइल्डच्या 'चॅनेल एफ'मध्ये. ते यंत्र घडवणाऱ्या गटाचे प्रमुख होते जेरी लॉसन. त्यांच्या पिवळ्या डबीचं नाव 'व्हिडिओकार्ट'. पुढच्याच वर्षी अटारीचं यंत्र आलं आणि काडतुसांचं युग सुरू झालं. कार्ड आणि कार्ट, दोन्ही खार्तेसची लेकरं.

आता वादाचा मुद्दा. काडतूस हा शब्द जिथे तिथे पोर्तुगीजांच्या खात्यावर मांडलेला असतो. बटाटा, पाव, चावी, हापूस, घमेलं, आणि त्याच दमात काडतूस. मूळ म्हणून पोर्तुगीज 'कार्तुशु' दाखवायचं आणि पुढे जायचं. हे मला मुळीच पटत नाही. पोर्तुगीजमधल्या ज्या 'ch' या अक्षरांचा आज 'श' होतो, त्यांचा जुना उच्चार 'च' होता, म्हणून तर 'शाव्ह'पासून आपल्याला 'चावी' मिळाली, 'शावी' नाही. तो शब्द त्याच वाटेनं आला असता तर आपण 'काडतूच' म्हणालो असतो. शेवटचा 'स' फ्रेंच 'कार्तूश'कडे बोट दाखवतो. लिस्बनचा उच्चार पुढे बदलला, हे मला ठाऊक आहे. पण मग शब्द मराठीत कधी आला, हे बघावं लागतं, आणि तिथेच माझं म्हणणं भक्कम होतं.

कवायती फौजेची भाषा मराठ्यांकडे अठराव्या शतकात आली, आणि ती मोठ्या प्रमाणावर फ्रेंचांच्या हाताखालून आली. इब्राहिमखान गारदी हैदराबादेत फ्रेंच सेनानी ब्युसीच्या तालमीत तयार झाला, मग पेशव्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर लढला. 'गारदी' हा शब्दच 'गार्ड'चा. पुढे महादजी शिंद्यांचे कंपू साव्हॉयच्या डी बॉइननं उभे केले, त्याचीही भाषा फ्रेंच. पलटण, कंपू, गारदी असे शब्द ज्या काळात मराठी कागदांत रुळले, त्याच काळात, त्याच तळावर काडतूस आलं असं मी मानतो. गंगापूर रोडनं आनंदवल्लीला जाताना मला हे दरवेळी आठवतं. राघोबादादा आणि आनंदीबाई तिथे राहिलेले, आणि 'ध'चा 'मा' केल्याची दंतकथा ज्या नारायणरावांच्या खुनाची, तो १७७३ मध्ये याच गारद्यांनी केला. गारदी हा शब्द ज्यांनी रोज ऐकला, त्यांनी काडतूसही ऐकलेलं होतं, आणि बहुधा एकाच तोंडून.

'र'चा 'ड' का झाला, याचंही उत्तर माझ्याकडे आहे. 'कार्तूस' मराठी कानाला परकं. पण 'काडी' घरची आणि 'तूस'ही घरचं, धान्याचं. काडीएवढी बारीक नळी, वरून तुसासारखं फाडून फेकायचं आवरण. जिभेनं परक्या शब्दाची दोन मराठी शब्दांत वाटणी केली आणि तो आपला करून टाकला. हिंदीला हे जमलं नाही, तिथे 'कारतूस'च राहिलं. ज्यांना ही व्युत्पत्ती कल्पित वाटते, त्यांनी तो 'ड' कुठून आला हे एकदा सांगावं.

तेव्हा भाच्याला कार्ट्रिजचा आग्रहच धरायचा असेल तर त्यानं खुशाल 'गेमचं काडतूस' म्हणावं. प्रिंटरच्या शाईच्या डबीलाही तोच शब्द चालेल. मला त्यात काहीही वावगं दिसत नाही.

कन्सोलचं राहिलं. फ्रेंचमध्ये कन्सोल म्हणजे मुळात तुळईला किंवा छज्जाला खालून आधार देणारा कोरीव टेकू. जुन्या वाड्यांत, आपल्या सरकारवाड्यातसुद्धा, मान वर केली की असं लाकूडकाम दिसतं. टेकूवरून भिंतीला टेकवायचं टेबल, तिथून ऑर्गनचा सांगाडा, मग रेडिओ-टीव्हीचं लाकडी कपाट आणि शेवटी बटणांचं यंत्र. त्याचं मूळ 'सांत्वन'वाल्या धातूत शोधावं की 'भक्कम करणे'वाल्या, यावर फ्रेंच कोशकार भांडतात. मी दुसऱ्या बाजूचा. टेकूचं काम भक्कम करण्याचंच आहे, सांत्वनाचा अर्थ त्यात ओढूनताणून आणावा लागतो.

प्रतिशब्द मात्र नवा पाडू नका. 'दृश्यक्रीडायंत्र' छापाचे शब्द मला दाखवू नका. भगूर आपल्याच जिल्ह्यात. सावरकरांच्या नावावरचे दिनांक, क्रमांक, महापौर रुजले, कारण ते तोंडात बसतात. झरणी नाही बसली आणि पेन राहिलं. कन्सोलला आपल्याकडे शब्द होताच, 'टीव्ही गेम'. बेअर यांना १९७३ मध्ये जे पेटंट मिळालं त्याच्या नावात 'टेलिव्हिजन गेमिंग' आहे, 'कन्सोल' नाही. जपानीत आजही 'तेरेबी गेमु' म्हणतात, आणि निन्टेन्डोनं १९७७ मध्ये काढलेल्या यंत्राचं नाव 'कलर टीव्ही-गेम' होतं. फक्त हातात धरायच्या बटणांच्या डबीला कन्सोल म्हणू नका. 'कन्सोलचं बटण तुटलं' असं ऐकलं की माझं डोकं उठतं. ती जॉयस्टिक, किंवा आपण पोरं म्हणायचो तसा रिमोट. यंत्र वेगळं.

आणि लिंगाचं: तो कन्सोल, तो टीव्ही गेम, ती कॅसेट, ते काडतूस. अनेकवचन काडतुसं, सामान्यरूप काडतुसा-, म्हणून 'काडतुसात फुंकर मारली'.