मुलगा गे आहे, आजीला सांगायचं का?

पत्र: आम्ही मूळचे कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. आता न्यू जर्सीत असतो. सतरा वर्षांच्या मुलानं दिवाळीत सांगितलं, "आई, मी गे आहे." मी त्याला जवळ घेतलं, पण त्याचे बाबा तेव्हापासून गप्प आहेत. जुलैत सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला कोल्हापूरला जायचंय. मुलगा म्हणतो, "मी नाही येणार. तिथं मला खोटं वागावं लागेल." काय करू?

ताई, तुम्ही त्याला जवळ घेतलंत, हे फार चांगलं केलंत. बाबांच्या गप्प बसण्याकडे मात्र काणाडोळा करू नका. असल्या वेळी मुलं गप्प बसण्याचा अर्थ नकार असाच लावतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरच्यांनी फार झिडकारलेल्या समलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण आठपटींहून जास्त आढळलं होतं. बाबांना सगळं पटायला वेळ लागू दे. "मला अजून नीट कळत नाही, पण तू माझा पोरगा आहेस," एवढं तरी त्यांनी याच आठवड्यात, त्याच्यासमोर बसून म्हणावं.

आता आजी. त्यांना सांगायचं का, कधी, किती, हे फक्त तुमच्या मुलानं ठरवायचं. आणि सांगितलं नाही म्हणजे तो खोटा वागला असं होत नाही, हे त्याला जरूर सांगा. पंगतीत एखादी काकी विचारणारच, "काय रे, गोरी सून आणतोस का काय?" त्या वेळी त्याला एकटं पाडू नका. "शिकू दे की आधी त्याला," म्हणून तुम्हीच विषय मोडा. कुठल्या प्रश्नाला कोण उत्तर देणार, हे विमानात बसायच्या आधीच तिघांनी ठरवून ठेवा.

परदेशी गेलेल्यांच्या मनात गाव, सोडलं त्या सालापाशीच थांबलेलं असतं. इकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. लग्नाला कायद्याची मान्यता अजून नाही, २०२३ मध्ये न्यायालयानं ती नाकारली, हेही खरं. आणि आजीला काहीच ठाऊक नसेल असं धरून चालू नका. यल्लम्माचे साडी नेसलेले जोगते दारात आले की जोगवा वाढणारी ही पिढी. जोगता असणं वेगळं आणि गे असणं वेगळं. शिवाय जोगत्यांना मानाबरोबर हालअपेष्टाही चुकल्या नाहीत. पण सगळी माणसं एका साच्यातली नसतात, हे आजीला तुम्ही शिकवायला नको.

"चांगला डॉक्टर आहे, दाखवून घेऊ," असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं नाही म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. भारतातही असला 'बदलण्याचा' उपचार करणं हे २०२२ पासून डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं.

आणि बाळा, हे तुझ्यासाठी. तुझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. सतराव्या वर्षी घरात तोंड उघडून हे बोललास, त्याला धाडस लागतं. कोल्हापुरात तुझ्यासारखी मुलं-मुली आहेत, कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात, रंकाळ्यावर मित्रांबरोबर भेळ खातात. कुणी जिवलगाला सांगितलंय, कुणी अजून कुणालाच नाही. तूही घाई करू नकोस. एखादा चुलतभाऊ विश्वासाचा वाटला तर त्याच्यापासून सुरुवात कर, नाही वाटला तर राहू दे. फार जड झालं तर अमेरिकेत 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' या तुझ्यासारख्या तरुणांसाठीच्या मदतसेवेवर रात्री-अपरात्री कधीही बोलता येतं. ९८८ हा तिथला संकटकाळातल्या मदतीचा नंबरही आहे. इकडे आल्यावर १४४१६ वर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मराठीत बोलतात.

यायचं की नाही, ते तू ठरव. आलास आणि दोन दिवसांत नकोसं झालं, तर लवकर परतता येईल असं तिकीट काढायला आईला आत्ताच सांगून ठेव.