पुरात तहसीलला माल दिला, आता 'निविदा झालेली नाही' म्हणून बिल अडवलंय. आपत्तीत निविदा लागते का?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं त्या रात्री तहसील कार्यालयातून फोन आला. तुम्ही दुकान उघडून 210 ताडपत्र्या, दोराची बंडलं आणि बॅटऱ्या निवारा केंद्रावर पोचवल्या. आता बिलाचं विचारलं की टेबलावरचा माणूस म्हणतो, "निविदा नाही, तीन दरपत्रकंसुद्धा नाहीत, कसं काढू?"

निविदा लागत नाही आणि तुमचे पैसेही बुडालेले नाहीत. पण तुम्ही चुकीच्या कागदामागे पळताय, आणि तुम्हाला पळवणाऱ्यालाही बहुधा ते माहीत नाही.

मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या एका तालुक्यात मदतीच्या खरेदीची फाईल माझ्याकडे होती, म्हणून हे अंगावर घेऊन सांगतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 चं कलम 50 वाचा. अर्ध्या पानाचंही नाही. बचावासाठी किंवा मदतीसाठी साहित्य तातडीने घेणं गरजेचं आहे अशी राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते संबंधित खात्याला तातडीच्या खरेदीचा अधिकार देऊ शकतं. तसा अधिकार दिला की निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असं मानलं जातं. याच कलमाचा दुसरा भाग मात्र कुणी वाचत नाही. नेमून दिलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याने साहित्य वापरलं गेल्याचं प्रमाणपत्र दिलं, की तेच हिशेबासाठी वैध प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, धरायचं. म्हणजे तुमचं बिल दोन कागदांवर उभं आहे, अधिकार देणारा आदेश आणि वापराचं प्रमाणपत्र. दरपत्रकांचा त्यात कुठे उल्लेखही नाही.

जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तहसीलदार स्वतःच्या अखत्यारीत हे कलम लावू शकत नाहीत, त्यांना वरून अधिकार मिळालेला असावा लागतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा की त्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचा कलम 50 खालचा आदेश निघाला होता का, आणि तो कोणाच्या नावाने होता. पूर मोठा असेल तर बहुतेक वेळा असा आदेश निघालेला असतो. आमच्याकडे होता, फक्त तो दुसऱ्याच फाईलला लागलेला होता. सापडायला मला आठ दिवस लागले.

आता त्या तीन दरपत्रकांबद्दल. तुम्हाला कुणीतरी हळूच सांगेल, कदाचित आपुलकीनेच सांगेल, की "अहो, ओळखीच्या दोन दुकानदारांची लेटरहेडं आणा, मागची तारीख घाला, तुमच्यापेक्षा चार रुपये जास्त लिहा, उद्या बिल काढतो." हे करू नका. निविदेविना झालेली तुमची खरेदी आज कायदेशीर आहे. तो बनावट कागद फाईलला लागला की तीच खरेदी संशयास्पद होते, आणि सही तुमची असते. तपासणीला आलेला माणूस पहिल्या नजरेत ओळखतो. सगळा तालुका पाण्याखाली, रस्ता बंद, आणि त्याच तारखेला तीन वेगवेगळ्या गावांहून दरपत्रकं आली? पोहत आली का?

मी स्वतः पाहिलेली तपासणी सांगतो. आमच्या एका किराणा दुकानदाराने जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या केंद्रावर टेंपोने माल उतरवला, तेव्हा चलनबुक भिजून त्याचा लगदा झाला होता. त्याने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मार्करने लिहिलं: मेणबत्त्या इतक्या, दूध पावडर इतकी, ताडपत्र्या इतक्या, तारीख, वेळ. खाली केंद्रावरच्या तलाठ्याची सही. तो पुठ्ठा मी पंच मारून फाईलला लावला. वर्षभराने लेखापरीक्षण पथक आलं, त्यातल्या साहेबांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता पान उलटलं. निविदा का नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं: "ताडपत्रीचा आकार कुठे लिहिलाय?" कारण 12 बाय 15 आणि 18 बाय 24 च्या दरात जमीन-अस्मानाचा फरक, आणि बिलात नुसतं 'ताडपत्री' होतं. पुढचा प्रश्न होता की वाटपाच्या यादीत 40 नग कमी का भरतात. ते 40 गावच्या समाजमंदिरात छताला बांधलेले होते, पण कुठे नोंद नव्हती. दोन दिवस त्यातच गेले.

म्हणून तुमच्या बिलात आकार, जाडी, बॅटरीचा प्रकार, सगळं लिहा. माल दिल्याची तारीख चलनावर आहे तीच ठेवा. बिल आज करताय तर बिलाची तारीख आजची घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दराची गोष्ट जरा नाजूक आहे. निविदा माफ झाली तरी 'हा दर वाजवी कसा' हा प्रश्न उरतोच. केरळमध्ये मार्च 2020 मध्ये पीपीई किट एका पुरवठादाराकडून 1,550 रुपयांना घेतले गेले, आणि दुसऱ्याकडून सुमारे 550 ला मिळत होते, म्हणून कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, 10.23 कोटींचा जादा खर्च दाखवला. तुटवडा होता असं तिथल्या सरकारचं म्हणणं, आणि त्या दिवसांत तुटवडा होता हे खरंच. पण असा बचाव करायला त्या दिवसाची टिपणी लागते, चार वर्षांनंतरची आठवण चालत नाही. आमच्याकडे मंडप आणि जनरेटरला आम्ही निवडणुकीच्या वेळी ठरलेले दर धरले होते, त्यामुळे त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. तुम्ही त्याच महिन्यात इतर गिऱ्हाइकांना त्याच ताडपत्र्या कोणत्या दराने विकल्या त्याची दोन-तीन बिलं जोडा. त्याहून चांगला पुरावा नाही.

दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळा दोष टेबलावर ढकलतोय. तो माणूस घाबरतो त्याला कारण आहे. या कलमाच्या आडून भलतंसलतं पुष्कळ घेतलं जातं. पाणी ओसरून दोन महिने झाल्यावर एका कार्यालयात 'पूर मदत' म्हणून लोखंडी कपाटं आलेली मी पाहिली आहेत. कपाटात बसून कोण वाचणार होतं देव जाणे. कलमात 'तातडीची' असा शब्द आहे, तो तातडी संपली की संपतो. मदतीचा पैसा किंवा माल हडप केला तर याच कायद्याच्या कलम 53 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि निविदा माफ म्हणजे तपासणी माफ, असंही काहीजण ओढून ताणून म्हणतात. मुंबई महापालिकेने 2022 मध्ये कोविड खर्चाच्या कॅग तपासणीला आक्षेप घेताना या कायद्याचाही आधार घेतला होता. मला कलम 50 मध्ये तसं काही दिसत नाही. उलट प्रमाणपत्र मागितलंय ते हिशेबासाठीच.

बरं, आदेश सापडलाच नाही तर? किंवा आदेश आहे पण तुमच्या मालाला पुरवठा आदेश नाही, सगळं फोनवर झालं? राज्यघटनेच्या अनुच्छेद 299 प्रमाणे सरकारशी करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो, रात्री अकराच्या फोनने होत नाही. तरीही वाट आहे. भारतीय करार अधिनियम 1872, कलम 70: फुकट द्यायचं म्हणून नव्हे अशा हेतूने कुणी कायदेशीरपणे काही दिलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. बंगालमध्ये 1944 साली, दुष्काळ नुकताच होऊन गेला असताना, नागरी पुरवठा खात्याच्या सांगण्यावरून एका ठेकेदाराने गोदामाची बांधकामं केली. रीतसर करार नव्हता, म्हणून सरकारने हात वर केले. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण बी. के. मंडल आणि सन्स या नावाने सापडेल. वकिलाला नुसतं नाव सांगा, तो ओळखेल.

पण कोर्ट शेवटी. आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. त्यात त्या आठवड्याचा कलम 50 चा आदेश, निवारा केंद्राच्या साठा नोंदवहीची पानं आणि वाटपाची यादी एवढंच मागा. 'संपूर्ण फाईल' मागितलीत की टाळायला निमित्त मिळतं. साठा नोंदवहीत तुमच्या ताडपत्र्या जमा दिसल्या की निम्मं काम झालं. मग तहसीलदारांना लेखी अर्ज द्या की कलम 50 प्रमाणे वापराचं प्रमाणपत्र देऊन देयक सादर करावं, आणि त्याची एक प्रत निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना. बिल लेखाशीर्ष 2245 खाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खात्यावर, नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानातून निघतं. अनुदान 31 मार्चला परत गेलं असेल तर पुन्हा मागणी करावी लागते, त्याला खरंच वेळ लागतो. तिथे चिडून उपयोग नाही.

मुदतीकडे मात्र लक्ष ठेवा. मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि सरकारवर दावा करायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस. तुमच्याकडे अजून भरपूर वेळ आहे.

आणि चलनाची मूळ प्रत कुणी 'फाईलला लावतो' म्हणून मागितली तर झेरॉक्स द्या, त्यावर आवक शिक्का घ्या. मूळ दुकानात ठेवू नका, तुमच्या दुकानात पाणी येतं असं तुम्हीच लिहिलंय.