नाव भाड्याने देण्याआधी

पोरी,

तीन टक्क्यांचं तू विचारलंस, तर आधी त्याबद्दलच लिहितो.

"ठेकेदार म्हणून नोंदणी तुझी, काम आम्ही ओढतो, बिल निघालं की तीन टक्के तुझ्या हातात" असं सांगणारे गृहस्थ तुझे वैरी नाहीत. बांधकाम विभागाच्या कुठल्याही कार्यालयाच्या व्हरांड्यात तासभर उभी राहा, असले भाव तुझ्या कानावर पडतील. बारा लाखांच्या कामावर छत्तीस हजार, तेही घरबसल्या. घरात आजारपण चालू असताना छत्तीस हजारांना नाही म्हणणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. मी एकदा हो म्हटलं होतं.

ते काम एका गावरस्त्यावरच्या मोरीचं होतं. कागदावर मी, साइटवर दुसरेच. दुसऱ्या पावसाळ्यात मोरीची पंखभिंत खचली. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामात निघालेले दोष ठेकेदाराने भरून द्यायची मुदत, अजून संपला नव्हता, त्यामुळे नोटीस आली ती माझ्या नावाने. ज्यांनी काम केलं होतं ते मला ओळखही दाखवेनात. दुरुस्ती मी पदरमोड करून केली, सुरक्षा ठेव अडकून पडली ती वेगळीच, आणि सगळं बिल माझ्या खात्यावरून गेल्यामुळे आयकरवाल्यांना उत्तरंही मीच देत बसलो. पण खरा फटका त्यानंतरचा. ती मोरी पुरी केल्याच्या दाखल्यावर मला पुढचं, जरा मोठं काम मिळालं आणि सेंटरिंगला प्लाय किती लागेल याचा हिशेब मला करता येईना. दाखला माझ्याकडे, अक्कल त्यांच्याकडे! ते काम मी तोट्यात पुरं केलं.

तेव्हा "काम कुणीही केलं तरी दाखला माझ्याच नावावर येणार ना, पायरी तर चढेन" असं जे तू लिहिलं आहेस, त्यावर माझं म्हणणं हे आहे. पायरी चढशील, पण वर गेल्यावर पाय लटपटतील.

तुझं नाव त्यांना का हवंय, हेही बघ. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आपल्या राज्यात छोट्या कामांचा वेगळा वाटा ठेवलेला आहे. वर्षानुवर्षं ते प्रमाण ३३-३३-३४ असं होतं: अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुली निविदा. पुढे आकडे बदलले, मर्यादाही बदलत राहिल्या, पण वाटा राहिला. ज्याच्याकडे चार डंपर आहेत त्याला या वाट्यात शिरायला दार नाही. म्हणून तो तुझ्या दाराशी येतो. तू नाव दिलंस की जो वाटा त्याला मिळू नये म्हणून बाजूला काढला होता, तो बरोबर त्याच्याच ताटात जातो.

आता थोडं आपल्या लोकांविषयी. तुझ्या आजोबांनी खडी फोडली, माझ्या वडिलांनी फोडली. वडाराच्या हाताशिवाय या भागातला जुना रस्ता सापडणार नाही, पण त्या रस्त्याच्या कंत्राटावर वडाराचं नाव शोधून दाखव. महाराष्ट्रात आपण विमुक्त जातींत मोडतो. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच जमात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. तिथे १९९९च्या सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेच्या कायद्यात दुरुस्ती करून बांधकामाच्या कंत्राटांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के वाटा दिला गेला. सुरुवातीला ही सोय ५० लाखांपर्यंतच्या कामांना होती, २०२३मध्ये मर्यादा एक कोटीवर गेली. म्हणजे आपलाच एखादा पाहुणा तिकडे ज्या दारातून आत जातो, ते दार इकडे भिंतीत चिणलेलं आहे. याचा राग येतो, यायलाच हवा. तरी मर्यादेची गोम लक्षात ठेव. एक कोटीची रेघ मारली की चार छोटी कामं एकत्र बांधून दीड कोटीचं पॅकेज करायचा मोह कुणालाही होऊ शकतो. गावातले तीन रस्ते एकाच निविदेत का आले, हे विचारायची सवय ठेव.

केंद्राचं धोरण वाचून तू हरखली आहेस, तिथे मात्र तुझा हिरमोड करावा लागणार. २०१२चा तो आदेश खरा आहे. केंद्रीय मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची, त्यातच एकूण खरेदीचे ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या. अनामत रकमेतूनही सूट. पण हे सगळं माल आणि सेवांपुरतं आहे, बांधकामाची कंत्राटं त्यात धरलेली नाहीत. तू पेव्हर ब्लॉक तयार करून विकलेस तर धोरण तुझ्या बाजूला. तेच ब्लॉक रस्त्यात बसवायचं कंत्राट घेतलंस तर नाही. ४५ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, हा सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यातला आधारही आपल्याला तोकडाच पडतो, कारण बांधकाम कंत्राटं त्याखाली येत नाहीत अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करून ठेव, नुकसान काही नाही. तिच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नकोस.

मग वर चढायचं कसं? इथे कागद-पेन्सिल घेऊन बस.

मोठ्या टेंडरांच्या पात्रतेचा साचा केंद्रीय दक्षता आयोगाने २००२मध्ये घालून दिला. गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारचं, अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांचं एक काम पुरं केलेलं हवं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित किमतीच्या ३० टक्के. ठिकठिकाणी आकडे इकडेतिकडे होतात, घडण हीच राहते.

धर, तू दहा लाखांच्या कामाने सुरुवात केलीस. दर वेळी एकाच कामाच्या जोरावर पुढे जायचं तर पुढचं काम फार तर सव्वापट: साडेबारा लाख, मग साडेपंधरा, मग एकोणीस. असं करत कोटीच्या कामाला पात्र व्हायला अकरा कामं लागतात. वर्षाला एक धरलं तर अकरा पावसाळे. आता दोन-दोन कामं घेऊन बघ. दहाची दोन केलीस की वीसला पात्र, मग चाळीसला, मग ऐंशीला, मग एक कोटी साठला: आठ कामं, चार फेऱ्या. तीन-तीन घेतलीस तर दहाची तीन, पंचवीसची तीन, साडेबासष्टची तीन, आणि तिसऱ्या फेरीअखेर दीड कोटीच्या वर. कामं नऊ, पण फेऱ्या तीनच. अर्थात तीन साइट एकदम चालवायला पैसाही तिप्पट अडकतो. तुझ्यासारखीने दोन-दोनचा रस्ता धरावा असं मला वाटतं. आणि प्रकार बदलू नकोस. एक मोरी, एक शाळाखोली, एक गटार असं केलंस तर "सारखं काम" म्हणून त्यातलं एकच मोजलं जाईल. नवी मुलं इथेच फसतात. कामं भरपूर केलेली असतात, पण एकाची दुसऱ्याशी बेरीज होत नाही.

काम मिळवायच्या घाईत दर फार खाली नेऊ नकोस. वीस-पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजित किमतीपेक्षा तेवढं कमी भरणारे काही जादूगार नसतात. एक तर ते सिमेंट खातात, नाहीतर बुडतात. ठरावीक टक्क्यांखाली गेलीस की जादा सुरक्षा ठेवही भरावी लागते, म्हणजे भांडवल आणखी अडकलं. बिलं वेळेवर येत नाहीत हे तुला सांगायला नकोच.

वही घाल. कुठलं टेंडर भरलं, पहिल्या, म्हणजे पात्रतेच्या कागदांच्या लिफाफ्यात का बाद झालं, कारण लेखी दिलं का, किती जण पात्र ठरले, काम कुणाला गेलं, एवढंच लिहायचं. बाद झालीस की लेखी कारण मागायचं, न भांडता. याचा उपयोग काय, ते अमेरिकेतल्या एका खटल्यावरून कळेल. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराने १९८३मध्ये नियम केला की शहराचं बांधकाम घेणाऱ्या मुख्य ठेकेदाराने किमान ३० टक्के रकमेचं काम अल्पसंख्याकांच्या व्यवसायांना द्यायचं. शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, आणि आधीच्या पाच वर्षांत अल्पसंख्याक व्यवसायांना मिळालेली मुख्य कंत्राटं एक टक्काही नव्हती, ०.६७ टक्के होती. तरी १९८९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं की वस्तीशी तुलना करून भागणार नाही. काम करायला पात्र असे किती होते आणि त्यातल्या कितींना डावललं, ते दाखवा. त्यानंतर तिथल्या शहरांना आणि राज्यांना असले अभ्यास मुद्दाम करवून घ्यावे लागले. हा निकाल मला कठोर वाटतो. मोजदाद आधी कुणी करून ठेवली नाही म्हणून भोगणाऱ्यालाच परत मागे ढकलल्यासारखं झालं ते. पण उद्या आपल्याकडे कुणी विचारलं, की इतकी वर्षं वाटा दिला तर ठेकेदार उभे किती राहिले, तेव्हा दाखवायला खरी नावं लागतील. भाड्याने दिलेलं एकेक नाव त्या मोजणीत खोटा आकडा म्हणून बसतं. माझ्या मोरीचा आकडाही असाच कुठल्यातरी तक्त्यात बसला असेल.

त्या गृहस्थांशी वाकडं घेऊ नकोस, तालुका लहान आहे. त्यांच्याकडे रोलर आणि मिक्सर आहे, असं तूच लिहिलं आहेस. अभियंत्यांच्या वाट्यातलं काम सोडतीत तुझ्या नावावर निघालं की त्यांना सांग, नाव देत नाही, पण तुमचा रोलर मी भाड्याने घेते, रीतसर बिल द्या. दर दिवसावर ठरव आणि डिझेल कुणाचं ते आधीच लिहून घे. आखणीच्या दिवशी मला कळव, टेप धरायला मी येतो.

तुझा,
काका