गोळीतला रेणू : डावा की उजवा?

प्रश्न : शिंकांसाठी डॉक्टर पूर्वी १० मिलिग्रॅमची सेटिरिझिन देत, आता ५ मिलिग्रॅमची लेव्होसेटिरिझिन देतात. मेडिकलवाले म्हणतात, औषध एकच आहे. मग मात्रा निम्मी कशी? दुसरे असे की, आमची मुलगी एम.एस्सी. करून एका औषध कंपनीच्या स्फटिक विभागात रुजू होत आहे. अशा विभागाच्या प्रमुखाला नेमके काय यावे लागते?
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : मेडिकलवाल्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सेटिरिझिनमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेले दोन रेणू समप्रमाणात असतात आणि गुण येतो तो मुख्यतः त्यांतल्या एकाचा. तेवढाच वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन होते. म्हणून निम्मी मात्रा पुरते. (घरातल्या जुन्या चिठ्ठीवरून परस्पर अदलाबदल मात्र करू नये.)

या विद्येची सुरुवात आपल्या बागेतल्याच आम्लापासून झाली, हे आपल्याला आवडेल. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाच्या भावंडाचा, म्हणजे रेसिमिक आम्लाचा, एक क्षार १८४८ मध्ये लुई पाश्चर भिंगाखाली पाहत होते. काही स्फटिकांचा छोटा पैलू उजवीकडे, तर काहींचा डावीकडे झुकलेला त्यांना दिसला. त्यांनी ते हाताने निवडून दोन ढीग केले. एकाचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. यात दैवाचाही हात होता, कारण डाव्या-उजव्या रेणूंच्या अशा बहुतेक समप्रमाण मिश्रणांत दोन्ही रेणू एकाच स्फटिकात शेजारी-शेजारी बसतात, आणि हा क्षारही साधारण २७ अंशांच्या खालीच असा वेगळा होतो. तासगावच्या एप्रिलमध्ये पाश्चरांच्या हाती काही लागले नसते! प्रत्यक्ष अवकाशात कोणता रेणू कोणत्या हाताचा, म्हणजे डावा की उजवा, हे मात्र १९५१ मध्ये हॉलंडच्या बायफूट यांच्या गटाने क्ष-किरणांनी दाखवले. तोपर्यंत सारा व्यवहार एमिल फिशर यांच्या अंदाजावर चालला होता, आणि तो अंदाज बरोबर निघाला.

आता प्रमुखाविषयी. क्ष-किरण यंत्र चालवणे शिकता येते; माझ्या मते खरा कस लागतो तो निर्णयात. एचआयव्हीवरचे रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आले आणि १९९८ मध्ये त्याच रेणूचा नवा, कमी विरघळणारा स्फटिकप्रकार उत्पादनात अचानक उगवला. रेणू तोच, त्याचा हात तोच. बदलली होती ती फक्त स्फटिकातली मांडणी. तरीही कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण नव्या प्रकाराचे सूक्ष्म कण एकदा शिरले की बीज बनून जुन्याचेही रूपांतर करवीत. म्हणून पहिला देखणा स्फटिक हाती येताच, मुदत डोक्यावर असतानाही, ‘आणखी प्रकार शोधा’ असे व्यवस्थापनाला ठणकावून सांगण्याइतका ज्याचा अभ्यास आणि अधिकार आहे, तोच या विभागाचा खरा प्रमुख. संश्लेषण करणारे, गोळी बनवणारे आणि परवानगीची कागदपत्रे पाहणारे या तिघांचीही भाषा त्याला कळावी लागते, हे ओघाने आलेच.

मुलीने आरंभी ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक, भुकटीचे क्ष-किरण विवर्तन (स्फटिकातली मांडणी ओळखण्याची पद्धत) आणि उष्णतामापन (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणे) या तीन गोष्टींवर हात बसवावा. प्रयोगशाळेत न अडकता प्लांटवरही जावे, कारण चंचुपात्रात संथपणे वाढलेला लांबसडक स्फटिक हजारो लिटरच्या रिअॅक्टरमध्ये ढवळणीने मोडतो, त्याचा चुरा गाळणीत अडकतो आणि अख्खी बॅच तुंबते.