एका दुष्काळाची सहा नावे

प्रश्न : आमचे वाचनालय 'क' वर्गाचे असून अंबाजोगाई तालुक्यातील एका गावात आहे. वृत्तपत्रांची कात्रणे, जुने फोटो आणि गावातील वृद्धांकडून लिहून घेतलेल्या आठवणी अशा सुमारे अकराशे नोंदी आम्ही तीन विद्यार्थ्यांच्या मदतीने संगणकावर चढविल्या आणि प्रत्येकीला टॅग दिले. आता अडचण अशी झाली आहे, की 'दुष्काळ' असे शोधले तर काही नोंदी मिळतात आणि 'पाणीटंचाई' असे शोधले तर वेगळ्याच मिळतात; शिवाय कुठे 'अवर्षण' आहे, कुठे नुसते '१९७२', कुठे '७२ चा दुष्काळ' तर कुठे 'बहात्तरचा दुष्काळ'. टॅगांची संख्या चारशेवर गेली असून त्यांतील निम्मे एकदाच वापरले गेले आहेत. टॅग काढून टाकावेत आणि सरळ मजकुरातला शब्द शोधावा, असे आमच्या एका संचालकांचे मत आहे. आम्ही काय करावे?
– एक ग्रंथपाल, जि. बीड

उत्तर : संचालकांची सूचना अर्धी बरोबर आहे. मजकुरातला शब्द शोधण्याची सोय असेल तर ती अवश्य ठेवावी. मात्र तिच्या भरवशावर टॅग काढून टाकू नयेत. काही वर्षांपूर्वी मी एका आजींची आठवण उतरवून घेतली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाणे, लेकराला बाभळीला झोळी बांधून निजविणे, हातोडी बसून काळानिळा झालेला अंगठा, लाल मिलोची (आयात ज्वारीची) भाकरी आणि दुपारी वाटला जाणारा सुकडी हा कोरडा खाऊ, असे सगळे त्या चार पानांत होते. 'दुष्काळ' हा शब्द मात्र एकदाही नव्हता आणि सालही नव्हते. आजी त्या काळाला 'सुकडीचं साल' म्हणत होत्या. १९७२ च्या दुष्काळावर लिहू पाहणारा एखादा विद्यार्थी उद्या आपल्या वाचनालयात आला आणि त्याने मजकुरात 'दुष्काळ' हा शब्द शोधला, तर अशी आठवण त्याला कधीच सापडणार नाही, आणि त्याच्या दृष्टीने तिचेच मोल सर्वांत जास्त आहे. मजकुरात कोणते शब्द आले आहेत हे यंत्राला कळते. मजकूर कशाविषयी आहे हे वाचणाऱ्याने सांगावे लागते, आणि टॅग त्यासाठीच असतो.

आपल्याकडे घोटाळा झाला तो एका कारणाने. तिन्ही विद्यार्थ्यांनी नोंद करताना स्वतःला जो शब्द सुचला तो दिला. खरे तर टॅग हा नोंदणाऱ्याच्या सोयीचा नसून पुढे शोधायला येणाऱ्याच्या सोयीचा असला पाहिजे, आणि शोधणारा कोणत्या शब्दाने येईल हे निश्चित नसल्यामुळे अनेक शब्दांतून एक शब्द मुख्य ठरवून बाकीच्यांची बोटे त्याच्याकडे वळवून ठेवावी लागतात. ग्रंथालयांत कार्डांची तालिका होती तेव्हा 'अवर्षण – पाहा : दुष्काळ' असे कार्ड लिहून ठेवत असत. तेच काम आता आपल्याला एका वहीत किंवा एक्सेलच्या एका पानावर करावयाचे आहे.

प्रथम चारशे टॅगांची अकारविल्हे यादी छापून घ्यावी आणि ते तीन विद्यार्थी व वाचनालयात नियमित येणारे दोन-तीन वयस्क वाचक यांना घेऊन एका बैठकीत तिचे ढीग पाडावेत. वयस्क वाचक हवेतच, कारण कोणते दोन शब्द गावात एकाच अर्थाने वापरतात हे त्यांना ठाऊक असते. 'अवर्षण' आणि 'दुष्काळ' हे आपल्या संग्रहापुरते एका ढिगात घालता येतील. 'पाणीटंचाई' मात्र वेगळी ठेवावी, कारण बरा पाऊस झालेल्या वर्षीही चैत्र-वैशाखात गावाला टँकर लागू शकतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, त्या कात्रणाला मात्र 'दुष्काळ' आणि 'पाणीटंचाई' हे दोन्ही टॅग द्यावे लागतील. अशा जवळच्या पण एक नसलेल्या शब्दांसाठी यादीत 'हेही पाहा' असे लिहावे. असाच प्रसंग आपल्याला 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' आणि 'पोलीस ॲक्शन' यांच्या बाबतीत येईल. जुनी माणसे बोलताना दोन्हींची सरमिसळ करतात. परंतु पोलीस ॲक्शन ही १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांची हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाई होती आणि मुक्तिसंग्राम निजामाच्या राजवटीविरुद्ध तिच्या कितीतरी आधीपासून चाललेला लढा होता. या दोन शब्दांचा एकच टॅग केला, तर १९३८ चा सत्याग्रह आणि भारतीय सैन्याचा प्रवेश एकाच रांगेत येऊन बसतील. ढीग पाडताना घाई करू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

'७२ चा दुष्काळ' या टॅगमध्ये विषय आणि काळ अशा दोन गोष्टी एकत्र चिकटल्या आहेत, त्या सोडवाव्यात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरण या ग्रंथवर्गीकरण पद्धतीचा पायाच असा आहे, की कोणताही विषय त्याच्या पैलूंत उलगडावा आणि स्थळ व काळ हे पैलू स्वतंत्र ओळखावेत. तेवढी शिस्त लहान वाचनालयालाही पेलते. नोंदीत विषय, स्थळ, काळ आणि व्यक्ती असे चार रकाने करावेत. म्हणजे '१९७२' हा आकडा काळाच्या रकान्यात जाईल, 'दुष्काळ' विषयाच्या रकान्यात राहील, आणि दोन्ही एकत्र शोधले की त्या वर्षीच्या दुष्काळाच्या सर्व नोंदी समोर येतील. 'बहात्तरचा', '७२ चा' हे शब्द मग लागणारच नाहीत.

स्थळाच्या रकान्याकडे मराठवाड्यात विशेष लक्ष द्यावे लागते. आपल्याच तालुक्याचे गाव घ्या. निजामाच्या काळच्या कागदांत अंबाजोगाई 'मोमिनाबाद' आहे, नंतरच्या छापील मजकुरात कुठे 'आंबेजोगाई' तर कुठे 'अंबेजोगाई' आहे. १६ ऑगस्ट १९८२ पूर्वीच्या कात्रणांत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग म्हणून येतो, आणि तो जिल्हा आता धाराशिव झाला आहे. आजचे अधिकृत नाव मुख्य धरावे, जुनी नावे व वेगळी लेखने 'पाहा' म्हणून यादीत घ्यावीत, आणि मूळ कात्रणातील नाव मात्र नोंदीच्या मजकुरात जसेच्या तसे राहू द्यावे. ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही. गावाच्या नावापुढे तालुका लिहिल्याशिवाय नोंद पुरी समजू नये. आपल्या भागात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको.

लेखनाची एक बारीक बाब राहिली, ती वरवर क्षुल्लक वाटली तरी तिने मला फार छळले आहे. 'ॲक्शन' मधले पहिले अक्षर संगणकावर एकतर अखंड चिन्ह म्हणून टंकता येते किंवा 'अ' वर चंद्र देऊन जोडता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, परंतु अनेक प्रणाली त्यांना दोन वेगळे शब्द समजतात. देवनागरी व इंग्रजी आकडे, 'पोलीस' आणि 'पोलिस', शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा यांमुळेही असेच होते. म्हणून टॅग दर वेळी नव्याने टंकू देऊ नये. ठरलेल्या यादीतून निवडण्याची सोय करावी. एक्सेलमध्ये ती सहज होते.

एकदाच वापरलेले टॅग सरसकट पुसू नयेत. व्यक्तीचे किंवा गावाचे नाव एकदाच आले तरी ते उपयोगाचे असते. विषयाचे टॅग मात्र एका नोंदीला तीन ते पाच पुरेत. आणि 'संकीर्ण' किंवा 'इतर' हा टॅग ठेवूच नये. मी ज्या संग्रहावर काम केले तेथे तो ठेवला होता, आणि काही वर्षांतच संग्रहाचा सर्वांत मोठा टॅग तोच झाला. ज्या नोंदीला विचार करावा लागे, ती त्यात टाकली जाई. यादीची वही एका व्यक्तीच्या ताब्यात असावी, नव्या टॅगची मागणी तिच्याकडे जावी आणि महिन्यातून एकदा बसून ती निकाली काढावी.

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाने सभासदांचे पीकविषयक प्रश्न आणि त्यांवर जाणकारांनी दिलेली उत्तरे सात हंगाम लिहून ठेवली आहेत. 'केवडा' (पाने पिवळी पडणे) या टॅगखाली सर्व पिकांची उत्तरे एकत्र आल्यामुळे एका सभासदाने दुसऱ्याच पिकाचा उपाय केला. हा टॅग काढावा का?
– एक शेतकरी, जि. परभणी

उत्तर : काढू नये. पान पिवळे पडले की शेतकरी 'केवडा' हाच शब्द घेऊन येणार, त्यामुळे तो दरवाजा बंद करता येणार नाही. मात्र त्या दरवाजातून थेट उत्तरापर्यंत जाता येऊ नये. बाजरीवर केवडा, ज्याला गोसावीही म्हणतात, तो बुरशीजन्य म्हणून ओळखला जातो आणि त्यासाठी बीजप्रक्रिया करतात. उसात केवडा म्हटला की बहुधा लोहाची कमतरता असते आणि तेथे हिराकस (फेरस सल्फेट) कामी येते. मूग, उडीद व सोयाबीन यांवरचा पिवळा मोझॅक विषाणूमुळे होतो, पांढरी माशी तो पसरवते आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे लागते. येथे नाव एक असले तरी कारणे तीन आहेत. म्हणून 'केवडा' पुढे उत्तर न ठेवता 'पाहा : बाजरी – केवडा, ऊस – लोह कमतरता, सोयाबीन – पिवळा मोझॅक' अशी पाटी ठेवावी, आणि प्रत्येक नोंदीत पीक, लक्षण व कारण असे वेगळे टॅग असावेत.

कारणाचा टॅग गटातील कोणीही अंदाजाने लावू नये. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाने झाड पाहून निदान करेपर्यंत नोंदीवर पीक आणि लक्षण एवढेच राहू द्यावे व कारणाचा रकाना रिकामा दिसावा. ज्या उत्तरात औषधाचे नाव व मात्रा आहे, त्यावर हंगाम आणि वर्ष लिहिल्याखेरीज ते यादीत घेऊ नये, कारण सात हंगामांपूर्वी सुचविलेले औषध आज शिफारशीत असेलच असे नाही.